चारचा गजर

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली, आणि तिला पहिला संशय आला तो बाबांचा. यांनीच काहीतरी दाबलं असणार! पण बाबांचे दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर होते, आणि छत्रीचं पाणी तिच्या चपलेवर टपटपत होतं. दुसरा संशय आला खालच्या वॉचमनचा. 'जा, जा, चालू आहे लिफ्ट' म्हणताना तो नक्की हसला होता. तिसरा स्वतःचाच. कशाला आलो आपण इथे?

संशय घेताना ती आपपरभाव करत नसे. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची, गॅसचं बटण तीनदा बघायची, आणि कुणी फारच गोड बोललं तर पर्सची चेन ओढून घ्यायची. चष्म्याच्या ज्या दुकानात ती डोळ्यांची मापं घ्यायला आणि काचा घासायला होती, तिथे तिला सगळे 'फौजदार' म्हणत. तोंडावर म्हणत. मागून म्हटलं असतं तर तिला कळलंच असतं.

"गाडी का थांबली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ही गाडी नाही. लिफ्ट आहे."

चूक झाली. चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेल्या माणसाला ही गाडी नाही म्हणून सांगायचं म्हणजे काय! बाबांनी छत्री उचलली आणि दारावर ठोकायला सुरुवात केली. "सिग्नल काय आहे? कुणी सांगेल का मला?"

"आत कोण आहे?" वरून एका पुरुषाचा आवाज आला.

"आधी तुम्ही कोण ते सांगा!"

"लिफ्टवाला."

"कशावरून?"

मग हसू दाबल्यासारखा आवाज. "बाई, अडकलेलं नक्की कोण आहे? तुम्ही की मी?"

"सिग्नल!" बाबा ओरडले.

"लाल आहे, साहेब," वरचा आवाज लगेच म्हणाला. अगदी रोजचं काहीतरी सांगावं तसा. "पुढे गाडी उभी आहे. पाच मिनिटं लागतील."

बाबांची छत्री खाली आली. "पाच?"

"फार तर सहा."

"मग आधी सांगायचं ना," बाबा म्हणाले, आणि मनगटावरचं घड्याळ बघत शांत उभे राहिले. ती मात्र बघतच राहिली. बाबांना शांत करायला तिला एरवी अर्धा तास लागायचा, आणि त्यात निम्म्या वेळा दोघंही रडायचे.

सहाव्या मिनिटाला दार सरकलं. वर आधी दोन मळकट बूट दिसले, मग गुडघे, आणि मग वाकून आत बघणारा एक चेहरा. पस्तिशीचा असेल. भुवईवर ग्रीसचा डाग. आणि डोळे... ती धंद्यानेच डोळे बघणारी. हे डोळे चांगले होते. म्हणजे तब्येतीने, असं तिने स्वतःला बजावलं.

त्याने आधी बाबांना वर घेतलं, अगदी जपून. मग तिच्यापुढे हात केला. तिने तो धरला, वर आली, आणि पहिल्यांदा आपलं घड्याळ जागेवर आहे का ते पाहिलं. त्याच्या ते लक्षात आलं.

"अंगठ्यासुद्धा बघून घ्या," तो म्हणाला.

"बाबा रेल्वेत होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. लिफ्टमध्ये सिग्नल कोण विचारतं?"

उत्तर इतकं सरळ होतं की तिला त्याचाही संशय आला.

*

वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल होता. दर शनिवारी तीन ते पाच तिथे एक नाटकवाल्या बाई घरच्यांचा वर्ग घ्यायच्या. घरच्यांचा म्हणजे, ज्यांच्या घरात डिमेन्शियाचं माणूस आहे अशांचा. त्यांची माणसं शेजारच्या काचेच्या खोलीत दोन नर्सबरोबर बसायची. कुणी रंगवायचं, कुणी गाणी ऐकायचं. आणि ही दमलेली, चिडलेली, चार चार वर्षं सलग न झोपलेली मंडळी हॉलमध्ये नाटक करायची.

"नाटक करून काय होणार?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काही नाही होणार," बाई आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. पन्नास वर्षं रंगमंचावर ओरडून त्यांचा आवाज कायमचा बसला होता. "तू दोन तास दुसऱ्या कुणाच्या तरी जागी बसशील. एवढंच."

ती आली होती ते दादामुळे. मधे ती दुकानात घासकामाच्या मशीनवर दोनदा चक्कर येऊन पडली, आणि मालकांनी परगावी दादाला फोन केला. दादा वाईट नव्हता. नुसता लांब होता, आणि लांबच्या माणसाला सगळं सोपं दिसतं. "माझं ऐक," तो म्हणाला, "महिनाभरात मला एक माणूस दाखव. एकच! ज्याच्या हातात तू बाबांच्या गोळ्यांची किल्ली देशील. नाहीतर मी बाबांना इथल्या संस्थेत नेतो. तू मरायला टेकलीयेस, कळतंय का तुला?"

किल्लीचं प्रकरण असं होतं. मागच्या वर्षी ठेवलेली मदतनीस बाई दुपारी मालिका निवांत बघता याव्यात म्हणून बाबांना झोपेच्या दोन-दोन गोळ्या द्यायची. हे कळायला तिला तीन महिने लागले. ते तीन महिने तिने स्वतःला अजून माफ केले नव्हते. त्या दिवसापासून गोळ्यांच्या डब्याला बोटभर कुलूप लागलं, किल्ली तिच्या गळ्यात आली, आणि बाबा दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्या मशीनशेजारी बसू लागले. तिच्याशिवाय कुणीही बाबांना गोळी दिली नव्हती. एकदाही नाही.

आणि आता महिनाभरात माणूस दाखवायचा! माणूस काय काचेच्या कपाटात मिळतो?

तर त्या लिफ्टच्या शनिवारी ती बाबांना काचेच्या खोलीत बसवून हॉलमध्ये आली, आणि बघते तो काय... वर्तुळातल्या एका खुर्चीत हातपाय धुतलेला लिफ्टवाला.

"तुम्ही इथे?"

"मी इथलाच. मधे दोन आठवडे आलो नव्हतो. आई आहे माझी... तसंच सगळं." त्याने काचेकडे मान केली. "तिला आणत नाही. जिने, लिफ्ट, गर्दी. घाबरते."

बरोबर चार वाजता त्याच्या खिशात फोनचा गजर वाजला. तो झटकन अर्धवट उठला. मग गजर बंद केला आणि पुन्हा बसला.

"गोळीची वेळ," तो हळूच म्हणाला.

"मग आईंना गोळी कोण देतं?"

"शेजारच्या काकू."

तिने मनातल्या मनात नोंद केली. फौजदारकीचा हा भाग ती फार चोख करायची.

*

बाईंची पद्धत अशी होती: ज्याचा प्रवेश, त्याने आपल्या घरातल्या आजारी माणसाच्या खुर्चीत बसायचं. आणि त्याची स्वतःची भूमिका दुसऱ्या कुणीतरी करायची. नवरा बायको व्हायचा, सून सासू व्हायची, आणि समोर कुणीतरी परकं माणूस तुम्ही बनून तुमच्यावर खेकसायचं. सोपं नव्हतं ते. एक बँकेतले साहेब आपलीच खेकसणी ऐकून जे रडले, ते पुढचा आठवडाभर घरी आवाज न चढवता राहिले म्हणे.

प्रवेशात कुणी अडलं तर शब्द सांगायला एकजण पडद्याआड बसायचा. ते काम लिफ्टवाल्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. आवाज हळू, कान तीक्ष्ण, चुकत नसे. पण फौजदाराच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती. बाकी सगळ्यांचे दोन-दोन प्रवेश झाले होते, आणि याचा एकही नाही.

पुढच्या शनिवारी तिची पाळी आली. ती बाबा झाली. "आणि हिची भूमिका?" बाई म्हणाल्या. "सिग्नलवाला, तू ऊठ." बाबा त्याला सिग्नलवाला म्हणायला लागले होते, आणि आता सगळेच म्हणत होते.

तो उठला. तिची पर्स त्याने खांद्याला लावली, चेन ओढून घेतली... आणि सहा फुटांचा तो माणूस बघता बघता ती झाला. नसलेल्या दुधाचा त्याने वास घेतला. नसलेल्या गॅसचं बटण बघितलं. दोन पावलं चालला, परत वळून बघितलं. दाराशी गेला, पुन्हा आला आणि तिसऱ्यांदा बघितलं! हॉल हसून हसून कोसळायला आला. तीही हसली. मग एकदम थांबली. गॅसचं याला कुणी सांगितलं?

पण आता ती बाबा होती. खुर्चीत बसल्यावर तिला समजलं की ही खुर्ची फार खोल आहे. समोरचा माणूस काहीतरी शोधतोय, आपल्याकडे त्याचं लक्षच नाही. तिच्या तोंडून आपोआप बाबांचं रोजचं वाक्य आलं. "तू कोण गं?"

घरी यावर ती म्हणायची, 'बाबा, मी तुमची मुलगी. असं काय करता?' आणि बाबा ओशाळे व्हायचे, मग चिडायचे.

तो मात्र तिच्याजवळ येऊन खाली बसला. पर्स बाजूला ठेवली. वर बघत म्हणाला, "मी होय? मी रोज इथेच असते. तुमच्या सोबतीला."

सोबतीला. इतकं साधं होतं का ते?

त्या संध्याकाळी घरी बाबांनी विचारलं, "तू कोण गं?" ती म्हणाली, "मी रोज इथेच असते, बाबा. तुमच्या सोबतीला." बाबांनी तिला नीट न्याहाळलं. "बरं झालं," ते म्हणाले. "एकट्याने कंटाळा येतो." आणि त्यांनी आपल्या ताटातली अर्धी पोळी तिच्या पुढ्यात ठेवली.

पुढच्या शनिवारी तिने त्याला जिन्यात गाठलं. आभार मानायचे होते. पण तोंडून निघालं भलतंच.

"गॅसचं बटण मी तीनदा बघते, हे तुम्हाला कसं माहीत?"

"इथल्या पँट्रीत तुम्ही चहा करता ना. मी बघत असतो."

"मला का बघत असता?"

"बघण्यासारखं..." तो अडखळला. कान लाल झाले. "म्हणजे, गॅस. सुरक्षेच्या दृष्टीने."

"अस्सं. आणि गोळी आज कुणाकडे? काकूंकडे?"

"बहीण आलीये."

"मागच्या खेपेला म्हणालात, बहीण परदेशात असते."

"आली होती... म्हणजे, येते अधूनमधून." तो भराभर जिने चढून गेला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्ट सोडून जिन्याने पळाला, हीही नोंद तिने केली. पण खरं सांगायचं तर त्या रात्री डोळे मिटल्यावर तिला नोंदी नाही, लाल कान आठवले. ती स्वतःवरच वैतागली.

*

बुधवारी तो दुकानात आला. "फौजदार, गिऱ्हाईक आलंय," मालकांनी हाक मारली. बाहेर रिमझिम होती, आणि त्याने शर्टाच्या आत जपून आणलेली वस्तू काउंटरवर ठेवली. बायकांचा चष्मा, जुनी तपकिरी फ्रेम.

"आईचा. काडी सैल झालीये."

"सिग्नलवाला!" मागच्या खोलीतून बाबांची हाक आली. "गाडी वेळेवर?"

"दोन मिनिटं लवकर, साहेब!"

बाबा खूश. तिने चष्मा दिव्याखाली धरला. "बसा. तुमचेही डोळे तपासून ठेवते. पडद्याआड अंधारात वाचता तुम्ही."

खरंतर गरज नव्हती. तिने पट्टी घेतली आणि त्याच्या समोर स्टूल ओढलं. बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर माणसाला सरळ आपल्या डोळ्यांत बघायला सांगावं लागतं. दिवसाला वीस माणसं तिच्या डोळ्यांत बघायची, तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"इकडे बघा. माझ्याकडे. हलू नका."

"नाही हलत."

"डोळे मिचकावलेत तर चालेल."

"नको. तेवढा वेळ वाया जाईल."

पट्टीवरचा आकडा तिला दोनदा वाचावा लागला. "त्रेसष्ट," ती म्हणाली, आणि उगाचच पट्टी पुसायला लागली.

तो गेल्यावर तिने आईंचा चष्मा दुरुस्तीला घेतला, आणि तिचे हात थांबले. रोज वापरातल्या चष्म्याला नाकाच्या जागी घामाचं, तेलाचं पिवळं किटण असतं. कानामागे काडी चकाकते. या चष्म्याच्या बिजागरीत कोरडी धूळ होती. नाकाच्या पॅडवर धूळ होती. महिनोन्‌महिने हा कुणाच्याही नाकावर बसला नव्हता. काचा तेवढ्या लख्ख होत्या, एक ओरखडा नाही, एक ठसा नाही. याचा अर्थ मात्र तिला लागला नाही.

शेजारच्या काकू, परदेशातली बहीण, एकही प्रवेश नाही, आणि कुणीही न घातलेला चष्मा. आणि सोमवारीच तिने दादाला फोन करून सांगितलं होतं, "बहुतेक मिळालाय माणूस." दादा शनिवारी येणार होता.

*

शनिवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. शुक्रवारी सकाळी बाबांना घेऊन, चष्म्याचं निमित्त करून ती वर्गाच्या वहीतल्या त्याच्या पत्त्यावर गेली. मनात सगळी वाक्यं तयार होती. आईला कुठे ठेवलंय? कुणाच्या भरवशावर? दाराला कुलूप होतं. शेजारच्या दारातून एक बाई डोकावल्या.

"आईंचा चष्मा द्यायचा होता," ती म्हणाली. "तुम्हीच ना त्यांना चारची गोळी देता?"

काकूंचा चेहरा बदलला. "अगं, कुणाला गोळी? त्या जाऊन आठ महिने झाले."

खाली दार वाजलं. तो जिना चढून वर आला, हातात पाव आणि दुधाची पिशवी. तिला बघून त्याचा चेहरा आधी उजळला. मग काकू दिसल्या, तिच्या हातातला चष्मा दिसला, आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. काकू आत गेल्या. दार मात्र त्यांनी पूर्ण लावलं नाही.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने तुम्ही खोटं बोलताय."

"हो."

"हो? एवढंच?"

"दुसरं काय सांगू?... आई गेली. सगळे म्हणाले, सुटली बिचारी, तूही सुटलास. मी पुढच्या शनिवारी सवयीने वर्गात गेलो. कुणीतरी विचारलं, आई कशी आहे? आणि मी म्हणालो, बरी आहे." त्याने दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिथेच फक्त तिच्याबद्दल कुणी विचारत होतं. नाही म्हटलं असतं तर परत यायचं कारणच गेलं असतं. नंतर तुम्ही आलात. मग तर..."

"मग तर काय?"

"मग मी तुमच्यासाठी येत होतो. त्यात खोटं काहीच नाही. हा चष्मासुद्धा... तुमच्या दुकानात यायला घरात मोडकं असं एवढंच होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचाच राग आला. "मी दादाला तुमचं सांगितलं होतं! ही किल्ली मी तुम्हाला द्यायची ठरवली होती. कळतंय का? वर्षभरात पहिल्यांदा मी कुणावर..."

"सिग्नलवाला," बाबा मधेच म्हणाले, "सिग्नल काय आहे?"

त्याने बाबांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "लाल, साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला. तिने बाबांचा हात धरला आणि जिना उतरली. चष्मा तिच्याच पर्समध्ये राहिला.

*

शनिवारी दादा आला. हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला. "कुठाय तुझा माणूस?" त्याने विचारलं, आणि ती "नाहीये" म्हणाली. दादाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मग सोमवारी नेतो बाबांना. रडू नकोस गं." काचेपलीकडे बाबा एका कागदावर हिरव्या खडूने गोल काढत होते. सोमवारपासून ते कुणाला सिग्नल विचारणार? आणि 'सोबतीला' हे उत्तर त्यांना कोण देणार?

पावणेचारला दार उघडलं आणि तो आत आला. वर्तुळाच्या मधोमध उभा राहिला.

"बाई, माझा प्रवेश राहिलाय," तो म्हणाला. "माझी आई आठ महिन्यांपूर्वी गेली. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो. आज खरं करून दाखवतो, आणि मग... मग येणार नाही."

बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही. बहुधा त्यांना ठाऊक असावं. त्यांनी खुर्ची सरकवली. तो बसला, पाठीत वाकला, हात मांडीवर ठेवले. "आणि याची भूमिका कोण करतं?" बाईंनी विचारलं.

बँकेतल्या साहेबांनी खाली बघितलं. कुणीही उठेना. मेलेल्या माणसापुढे उभं राहायचं कसं?

तिने पर्समधून चष्मा काढला, त्याला द्यायला. परत देऊन मोकळं व्हायचं, एवढंच मनात होतं. सवयीने तिने काचा उजेडात धरल्या, आणि तिला एकदम अर्थ लागला. फ्रेमवर धूळ आणि काचा लख्ख. न घातलेल्या चष्म्याच्या काचा आठ महिने रोज कुणीतरी पुसत होतं. रोज! आता आईला लागेल म्हणून.

तिने पुढे होऊन तो चष्मा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. "मी करते," ती म्हणाली. "तुमचा फोन द्या."

ती तो झाली. पण पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. "मी आता काय करतो?" तिने हळूच विचारलं. आणि इतके दिवस पडद्याआडून सगळ्यांना शब्द सांगणारा तो, खुर्चीतून, चष्म्यातून वर बघत तिला सांगू लागला.

"स्वयंपाकघरात असतोस. चहा टाकलेला असतो. आई पावणेचारलाच गेलेली असते, तुला माहीत नसतं. मग गजर वाजतो. तू गोळी आणि पाणी घेऊन येतोस. तिला उठवतोस. म्हणतोस, आई, चार वाजले."

त्याचं तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणणं ऐकून ती शहारली.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन खरोखर वाजला. हॉलमधली सगळी माणसं दचकली. तिने बाईंच्या टेबलावरचा पेला उचलला आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आई," तिने हाक मारली, "चार वाजले. गोळी."

खुर्चीतल्या माणसाने तिच्याकडे बघितलं. चष्म्याच्या खालून पाणी ओघळत होतं. मग तो बोलला ते त्याच्या आवाजात नव्हतं. बारीक, थकलेला, मायेचा आवाज होता.

"एकही चुकवली नाहीस रे तू. एकसुद्धा. पुरे आता. जा, तुझा चहा गार होईल."

तिने गजर बंद केला. त्याने चष्मा काढला आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. बँकेतले साहेब उठून त्याच्याजवळ गेले, मग एक सून गेली, मग सगळेच.

एकही चुकवली नाही. ती पुन्हा पुन्हा तेच मनात म्हणत होती. आई असेपर्यंत रोज चारला, आणि नंतर आठ महिने कुणीही नसताना उठून उभा राहणारा माणूस. खोटं बोलला होता तो. पण गोळीची वेळ त्याने कधी चुकवली नव्हती.

ती भुईवरून उठली. गळ्यातली किल्ली काढताना साखळी केसांत अडकली, आणि दादा मागून "अगं, काय करतेस?" म्हणाला तरी थांबली नाही.

"हे धरा," तिने त्याला सांगितलं. "बाबांची गोळी साडेचारला असते. डबा त्यांच्या पिशवीत आहे. पांढरी, अर्धी. आधी दोन घास केळं, मग पाणी. गिळली का ते बघायचं, ते जिभेखाली ठेवतात."

तो किल्लीकडे बघत राहिला. "तुम्ही... मी खोटं बोललो तुमच्याशी."

"बोललात. पुन्हा बोललात तर बघा. आवडता तुम्ही मला, म्हणून संशय सुटेल असं समजू नका. तो मी घेणारच."

"किती दिवस?"

"ते वागण्यावर आहे."

त्याचे कान लाल झाले. "आणि चारचा गजर... काढून टाकू?"

"कशाला काढता?" तिने त्याचा फोन त्याच्या हातात ठेवला. "अर्धा तास पुढे करा."

साडेचार होत आले तसा तो काचेच्या खोलीत गेला, आणि दादाला घेऊन ती खाली चहाला निघाली. वर्षभरात पहिल्यांदा ती बाबांना सोडून तीन मजले खाली जात होती. लिफ्टचं दार उघडलं. दादा आत शिरला. आणि तिला राहवलं नाही. "आलेच" म्हणून ती पावलांचा आवाज न करता मागे फिरली आणि काचेला डोळा लावला.

तो तिच्याकडे पाठ करून बाबांसमोर बसला होता. नर्स पलीकडे कुणाचे तरी हात पुसत होती. त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. त्याने डब्याचं कुलूप उघडलं, गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचलं. गोळी बाहेर काढली, पुन्हा नाव वाचलं. केळ्याचे दोन घास झाले. पेला बाबांच्या हातात देण्याआधी तो थांबला, पाकीट उचललं आणि तिसऱ्यांदा वाचलं. यावेळी तो कुणाची नक्कल करत नव्हता.

"सिग्नल?" बाबांनी विचारलं.

"हिरवा, साहेब," तो म्हणाला, आणि मागे न बघताच पुढे म्हणाला, "जा ना, फौजदार. चहा गार होईल."